कोल्हापुरात पहाटे घरच्या हवा मोजणाऱ्या मीटरवर पीएम २.५ (हवेतल्या २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा आकडा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एकदम चढतो. हवा खरंच इतकी खराब असते का?

खराब असते, पण आकड्यातला बराचसा फुगवटा पाण्याचा.

घरगुती मीटर कणांचं वजन करतच नाही. छोटा पंखा हवा ओढतो, कणांवर लेझर पडतो आणि विखुरलेल्या प्रकाशावरून वजनाचा अंदाज बांधला जातो. थंडीत पहाटे पंचगंगेकाठी धुकं धरलं, आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली, की सल्फेट-नायट्रेटचे कण पाणी पिऊन फुगतात आणि प्रकाश जास्त विखुरतात. बिचाऱ्या मीटरला वाटतं, धूळ वाढली! स्वयंचलित सरकारी केंद्रांत सहसा हवा आधी तापवून कोरडी करतात, मग फिल्टरच्या पट्टीवर साचलेल्या कणांमुळे बीटा किरण किती अडले यावरून वजन काढतात. म्हणून तुमचा आणि त्यांचा आकडा जुळत नाही.

तरी सगळं धुक्यावर ढकलू नका. रात्री जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकते, आणि नेमका तोच गळिताचा हंगाम. शेतात पेटवलेलं पाचट, गुऱ्हाळांचा धूर, सगळं खालीच राहतं. त्यात धुराचे ०.३ मायक्रॉनपेक्षा बारीक कण या मीटरला जवळपास दिसतच नाहीत.

आकड्याशेजारी आर्द्रताही लिहून ठेवा. कोरड्या संध्याकाळचा आकडा पहाटेपेक्षा भरवशाचा. आपल्याकडची पीएम २.५ ची घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा २४ तासांच्या सरासरीसाठी आहे, पहाटेच्या एका आकड्यासाठी नाही. आणि याच मीटरवरचा पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा आकडा) हा तर निव्वळ अंदाज, तो मी बघतही नाही.