माईकला ओठ टेकताच बसणारा शॉक

प्रश्न : आमचा पाच जणांचा बँड आहे. गिटारचे दोन आणि बेसचा एक असे तीन अँप्लिफायर, कीबोर्ड, मिक्सर आणि दोन पॉवर्ड स्पीकर एवढे आमचे सामान असते. गेल्या महिन्यात गंगापूर धरणाकडच्या एका मळ्यात जनरेटरवर कार्यक्रम होता. गिटार गळ्यात अडकवून मी माईकपाशी गेलो आणि जाळीला ओठ लागताच असा शॉक बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याआधी अँप्लिफायरमधून सतत गुणगुण येत होती, म्हणून तिथल्या साउंडवाल्यांनी त्याच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन पक्कडीने उपटून टाकली होती. गुणगुण लगेच थांबलीही. शॉक त्यामुळेच बसला का? आणि आमच्या सामानाला किती क्षमतेचा जनरेटर घ्यावा? — एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तुम्ही सुखरूप आहात हे वाचून हायसे वाटले. ही गोष्ट ‘थोडासा शॉक लागला’ म्हणून सोडून देण्याजोगी अजिबात नाही. १९७२ साली ब्रिटनमधल्या स्वान्झी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागल्याने मंचावरच मरण पावला. तुम्ही ज्या जागी उभे होतात, ती हीच जागा.

शॉक एकट्या माईकचाही नसतो आणि एकट्या गिटारचाही नसतो. तो या दोहोंमधल्या व्होल्टेजच्या फरकाचा असतो. गिटारच्या तारा आतून केबलमधल्या तारेच्या जाळीला आणि त्या जाळीवाटे अँप्लिफायरच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या असतात. माईकची जाळी त्याच रीतीने मिक्सरच्या सांगाड्याला जोडलेली असते. दोन्ही सांगाडे एकाच चांगल्या अर्थिंगला बांधलेले असतील, तर तारा आणि जाळी यांच्यात फरक उरत नाही आणि तुम्ही निर्धास्त गाऊ शकता. अँप्लिफायरची पिन उपटली की त्याचा सांगाडा अधांतरी होतो. मग आत कुठे फेजची वायर सैल होऊन पत्र्याला टेकली, ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन खचले किंवा जुना कपॅसिटर गळू लागला, तर ती वीज तारांवर येऊन थांबते आणि जमिनीकडे जायला वाट शोधते. ती वाट म्हणजे तुमची बोटे, छाती आणि ओठ. तुमच्या शॉकचे कारण तेवढेच होते की जनरेटरच्या जोडणीतही दोष होता, हे सामान तपासल्याखेरीज सांगता येणार नाही; पण ती पिन जागेवर असती, तर अँप्लिफायरमधल्या बिघाडाची वीज तुमच्या छातीऐवजी अर्थिंगच्या हिरव्या वायरीतून गेली असती.

गुणगुण थांबली हे मात्र खरे, आणि म्हणूनच हा उपाय इतका पसरला आहे. अँप्लिफायर एका बोर्डावरून आणि मिक्सर दूरच्या दुसऱ्या बोर्डावरून घेतला, की दोन अर्थिंग आणि त्यांना जोडणारी सिग्नलची केबल मिळून एक वेटोळे तयार होते, त्यातून ५० हर्ट्‌झची वीज फिरते आणि स्पीकरमध्ये ऐकू येते. त्यावर योग्य इलाज म्हणजे आवाजाचे सगळे सामान एकाच बोर्डावरून घेणे. तरीही गुणगुण राहिली, तर मधे ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला देणारी छोटी पेटी) लावून त्यावरचे ‘ग्राउंड लिफ्ट’चे बटण दाबावे. ते बटण सिग्नलच्या केबलची जाळी तोडते, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. डीआय बॉक्सची किंमत गिटारवाल्या कोणालाही परवडेल अशी असते. उपटलेली पिन असलेला प्लग आजच बदलून घ्या.

आता बोर्डाकडे वळू. माझा आग्रह आहे की बँडने स्वतःचा बोर्ड बनवून घ्यावा आणि दुसऱ्याच्या बोर्डावर जीव टांगू नये. परवानाधारक वायरमनकडून १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागताच ती तोडणारा स्विच) आणि तीन पिनांचे सहा-आठ सॉकेट एका बंद पेटीत बसवून घ्या. दुकानात आरसीसीबीला अजूनही ईएलसीबी म्हणतात. मागताना ३० मिलिअँपिअर हा आकडा सांगायला विसरू नका, कारण १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही मिळतात आणि ते माणसाला वाचवण्यासाठी नसतात. एमसीबी वायरीला जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. हे लोकांना पटत नाही, म्हणून एक हिशेब देतो. नाशिकच्या आसपास मुरमाखाली काळा पाषाण लागतो आणि उन्हाळ्यात वरची माती कोरडीठाक होते, त्यामुळे अर्थिंगसाठी मळ्यात ठोकलेल्या एका सळईचा रोध सहज ५० ओहम भरू शकतो. सांगाड्यावर फेज आली तर २३० भागिले ५० म्हणजे साधारण साडेचार अँपिअर वीज जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी त्याकडे ढुंकूनही पाहणार नाही आणि सांगाडा जवळजवळ २३० व्होल्टवर तसाच बसून राहील. आरसीसीबी मात्र अशी गळती होताच क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरचे टेस्टचे बटण प्रत्येक कार्यक्रमाआधी दाबून पाहा.

पण जनरेटरवर यात एक मेख आहे. बऱ्याच लहान जनरेटरमध्ये न्यूट्रल सांगाड्याला जोडलेला नसतो, म्हणजे त्याचा जमिनीशी संबंधच नसतो. अशा वेळी एखाद्या यंत्रात फेज पत्र्याला टेकली, तरी विजेला परतायला वाट नसल्याने आरसीसीबी उडत नाही आणि बिघाड कोणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या यंत्रात न्यूट्रल टेकला, की ते दोन सांगाडे एकदम हाताला लागणाऱ्याची खैर नसते. टेस्टचे बटण दाबल्यावर आरसीसीबी उडतो म्हणून यावर भरवसा ठेवू नका, कारण ते बटण फेज आणि न्यूट्रल यांच्यातच जोडलेले असते. त्यासाठी वायरमनकडून जनरेटरपाशीच न्यूट्रल, सांगाडा आणि जमिनीतली सळई एकत्र जोडून घ्यावी लागते आणि हे काम आरसीसीबीच्या अलीकडे, म्हणजे जनरेटरच्या बाजूला, एकाच ठिकाणी करायचे असते. जनरेटर एखाद्या इमारतीच्या वायरिंगला जोडायचा असेल, तर चेंजओव्हर स्विचशिवाय (बाहेरची वीज किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा स्विच) कदापि जोडू नये. उलटी गेलेली वीज बाहेर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेते.

क्षमतेचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक यंत्राच्या पाठीमागे ते किती वॉट किंवा अँपिअर घेते हे छापलेले असते. अँप्लिफायर किती वॉटचा आवाज देतो हा आकडा वेगळा, तो यासाठी घेऊ नये. उदाहरणार्थ, गिटारचे व्हॉल्व्हचे दोन अँप्लिफायर प्रत्येकी ३००, बेसचा ५००, दोन स्पीकर प्रत्येकी ४०० आणि मिक्सर-कीबोर्ड मिळून २०० धरले, तर बेरीज २१०० वॉट होते, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. जनरेटर केव्हीएमध्ये सांगतात, त्याला ०.८ ने गुणले की किलोवॉट मिळतात. म्हणून ५ केव्हीएचा जनरेटर ४ किलोवॉट देतो आणि तुम्हाला तो ऐसपैस पुरतो. मंचावरचे दिवे त्यावर लादू नका. सामान लावण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज पाहा आणि अँप्लिफायर एकामागून एक चालू करा.

केबलच्या बाबतीत लोक फार हात आखडता घेतात. दीड चौरस मिलिमीटरची ५० मीटर केबल १३ अँपिअरला जवळजवळ १७ व्होल्ट खाते, अडीचची १० व्होल्टच्या आसपास. अडीचचीच घ्या, आणि गुंडाळी पूर्ण सोडल्याशिवाय वापरू नका. गुंडाळलेली केबल तापून वितळते.

शेवटी तपासणी. एका लॉन्सवर मला डेकोरेटरने टेस्टर लावून फेज दाखवली आणि ‘सगळे ओके आहे’ असे सांगितले. मी सॉकेट उघडले, तर तिसऱ्या भोकामागच्या स्क्रूला वायरच नव्हती, नवा कोरा पितळी स्क्रू तसाच चमकत होता. टेस्टरला अर्थिंग कळत नाही. मीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवे. मग सगळे सामान चालू करून, तारांना किंवा माईकला कोणी हात लावण्याआधी, मीटर एसीवर ठेवून एक टोक गिटारच्या तारांना आणि दुसरे माईकच्या जाळीला लावा. एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त आले, तर कारण सापडेपर्यंत गायचे नाही. चार्जरसारख्या दोन पिनांच्या पॉवर अडॅप्टरमुळे कधीकधी मीटर शंभरेक व्होल्ट दाखवतो आणि त्यामागे प्रत्यक्षात अगदी क्षीण वीज असते, पण हा निवाडा मंचावर उभ्याने करू नका. ते अडॅप्टर काढून पुन्हा मोजा.

प्रश्न : आमच्या पंचवटीतल्या मंडळापुढे गणेशोत्सवात बँड वाजवतो. पाऊस असतो, जमीन ओली असते. काय काळजी घ्यावी? — मंडळाचा एक कार्यकर्ता

उत्तर : आकडा टाकू नका. महावितरणकडून मंडळांना तात्पुरती जोडणी मिळते, ती रीतसर घ्या आणि त्यापुढे वर सांगितलेला आरसीसीबी लावा. उघडी वायर काडीने सॉकेटमध्ये खोचायची सवय मोडा. बोर्ड आणि केबलचे जोड जमिनीपासून हातभर उंच, ताडपत्रीखाली ठेवा. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पावसात चालत नाही, झाकणाचे इंडस्ट्रियल प्लग आणि सॉकेट वापरा. मंच लाकडी फळ्यांचा असू द्या. सरी मंचावर येऊ लागल्या, तर आधी वीज बंद करा, मग सामान झाका. जनरेटर मंडपाबाहेर मोकळ्यावर ठेवा, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता मारतो. इंधन भरताना तो बंद करा.

बोर्डाजवळ एका कार्यकर्त्याला कार्यक्रम संपेपर्यंत उभे करा आणि मुख्य स्विच कुठे आहे हे त्याला दाखवून ठेवा. कोणी चिकटले तर त्याला हात न लावता आधी स्विच पाडायचा. स्विच हाताशी नसेल, तर कोरड्या बांबूने त्याला वायरीपासून दूर करायचे, १०८ ला फोन लावायचा, आणि श्वास चालत नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब देत राहायचे.