अमेरिकन फुटबॉलमधला 'आइस बोल' सामना एवढा गाजला तो फक्त थंडीमुळे का?

नाव थंडीमुळे पडलं हे खरं. पण हा सामना मी पुन्हा पुन्हा आठवतो तो शेवटच्या १६ सेकंदांसाठी, आणि त्या १६ सेकंदांत जे झालं ते पायाखालच्या बर्फामुळे झालं.

मी बरीच वर्षं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहतोय. उणे २५ सेल्सिअसला श्वास आत घेतला की नाकातले केस कडक होतात. हातमोजा काढून गाडीची किल्ली शोधत बसलं तर बोटं ठणकायला लागतात, आणि थोड्या वेळाने ठणका थांबतो. तो थांबला की खरं घाबरायचं. ३१ डिसेंबर १९६७ ला इथल्याच ग्रीन बे शहरातल्या लँबो फील्डवर सामना सुरू झाला तेव्हा पारा तेवढाच होता, वर बोचरा वारा. ग्रीन बे पॅकर्स विरुद्ध डॅलस काउबॉइज, एनएफएल या व्यावसायिक लीगचं विजेतेपद. उघड्या स्टेडियममध्ये ५० हजारांवर माणसं बसली होती! पंचाची धातूची शिट्टी ओठांना चिकटली, म्हणून पुढचा सामना पंचांनी ओरडून आणि हातवारे करून चालवला. बँडवाल्यांची वाद्यं गोठली, त्यातल्या काही मुलांना इस्पितळात न्यावं लागलं.

आता मैदान. पॅकर्सचे प्रशिक्षक व्हिन्स लोंबार्डी यांनी ८० हजार डॉलर खर्चून गवताखाली विजेच्या तारांचं जाळं घातलं होतं, जमीन गोठू नये म्हणून. रात्रभर वर ताडपत्री होती. तिच्याखाली ओल साचली, आणि सकाळी ताडपत्री काढली तशी ती गोठायला लागली. खेळ पुढे सरकत गेला तशी जमीन काचेसारखी होत गेली.

पॅकर्सनी १४-० अशी आघाडी घेतली आणि ती घालवलीही. चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्राच्या पहिल्याच चालीवर डॅलसच्या डॅन रीव्हजने लान्स रेंट्झेलला ५० यार्डांचा पास दिला, डॅलस १७-१४ ने पुढे. पॅकर्सच्या हाती चेंडू आला तेव्हा पाच मिनिटंसुद्धा उरली नव्हती आणि जायचं होतं ६८ यार्ड. पॅकर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाली ठरवून चेंडू पुढे देणारा खेळाडू, बार्ट स्टारने छोटे छोटे पास देत संघाला गोलरेषेपाशी आणलं. शेवटचं अंतर एका यार्डाहूनही कमी. तिथे डॉनी अँडरसनला दोनदा चेंडू दिला, दोन्ही वेळा पाय रोवायला जागाच मिळाली नाही. १६ सेकंद उरले असताना स्टारने शेवटचा टाइमआउट, म्हणजे खेळ आणि घड्याळ थांबवायची सवलत, घेतला.

सोपा मार्ग समोर होता: फील्ड गोल मारायचा, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून पाठवायचा, ३ गुण घेऊन १७-१७ करायचं आणि जादा वेळेत जायचं. त्याऐवजी चेंडू घेऊन गोलरेषेपार घुसायची चाल फसली असती तर पुढची चाल करायला घड्याळ थांबवायची सोय नव्हती, सामना तिथेच हातातून गेला असता. स्टार लोंबार्डींना म्हणाला, धावणारे घसरतायत, मी तर रेषेपाशीच आहे, चेंडू मीच घेऊन घुसतो. लोंबार्डींनी होकार दिला. मला हा सगळा सामना या संवादात दिसतो. स्टारने मैदानाचा विचार केला, आपल्या नावाचा नाही.

गंमत म्हणजे सोबत्यांना त्याने नेहमीचीच चाल सांगितली होती, चक मर्सीनकडे चेंडू द्यायची. जेरी क्रेमर आणि केन बोमन यांनी डॅलसच्या जेथ्रो प्यूला मागे रेटलं, स्टार त्या फटीतून आत पडला. टचडाउनचे ६ आणि त्यानंतरच्या किकचा १ गुण धरून २१-१७.

त्या क्षणाच्या प्रसिद्ध फोटोत मर्सीन दोन्ही हात वर करून झेपावताना दिसतो. लोकांना वाटतं तो जल्लोष करतोय. खरं तर चेंडू आपल्याकडे येणार म्हणून तो धावत सुटला होता. पुढे स्टारच चेंडू घेऊन चाललेला दिसला. तेव्हाच्या नियमांप्रमाणे त्याला मागून ढकललं तर नियमभंग ठरला असता, म्हणून 'मी ढकलत नाहीये' हे पंचांना दिसावं यासाठी त्याने हात वर केले होते.