क्वाड, म्हणजे भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचा गट, हे आशियातलं नाटो आहे का? भारताने अमेरिकेला तळ दिलेत का?

दोन्हीला नाही. नाटोत कलम ५ आहे, एकावर हल्ला तो सगळ्यांवर. क्वाडमध्ये असा करारच नाही. जपानचा अमेरिकेशी १९६० चा करार आहे, ऑस्ट्रेलियाचा १९५१ चा. आपला तसला एकही नाही.

तळांचं म्हणाल तर, ते दिलेत असं माझ्या साडूंनी २०१६ च्या गणपतीत भर पंगतीत ऐकवलं होतं. संरक्षणमंत्री पर्रीकर वॉशिंग्टनला असताना लेमोआ, म्हणजे एकमेकांच्या सैन्याला रसद पुरवण्याचा भारत-अमेरिका करार झाला, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. "आता मुंबई बंदरात अमेरिकन झेंडा!" मी नौदलात स्टोअर्सचे हिशेब बघण्यात उमेदीची वर्षं घालवलेली, आणि हे मला शिकवणार.

मी टँकरवर होतो तेव्हाचं सांगतो. संयुक्त सराव, शेजारून अमेरिकन जहाज आलं. दोघांमध्ये पन्नासेक मीटर पाणी, दोघांचा वेग एक, सुकाणूवरच्याने डोळा हलवायचा नाही. आधी बारीक दोरी फेकायची, मग वायर, मग होज. होजच्या टोकाचा प्रोब समोर खटकन बसला की पंप चालू. तेल जायला एक वॉचसुद्धा, म्हणजे चार तासांची पाळीही लागली नाही. कागद मात्र महिनोन्महिने हिंडत होते: कुठल्या दराने, कुठल्या खात्यात, मंजुरी कुणाची. दरवेळी नव्याने.

लेमोआने हा घोळ संपवला. वाण्याकडे वही असते तसं. तेल, पाणी, रेशन, सुटे भाग घ्या, मांडून ठेवा, नंतर चुकते करा. तळाचा त्यात संबंध नाही, आणि दरवेळी "हो" म्हणायचं की नाही हे आपल्याच हातात. २०१८ च्या कॉमकासा करारामुळे सांकेतिक संपर्काची अमेरिकन यंत्रं मिळायची वाट मोकळी झाली. त्याआधी अमेरिकेकडून घेतलेल्या पी-८आय टेहळणी विमानांवर बाजारातली साधी यंत्रं बसवून भागवत होतो. २०२० मध्ये नकाशांसाठी बेका करार. भागीदारी अशीच उभी राहते, स्टोअर्सच्या कारकुनांच्या जिवावर. अ‍ॅडमिरलांचे हस्तांदोलनाचे फोटो पेपरवाल्यांना लखलाभ.

हां, भरवसा किती ठेवायचा हा वेगळा विषय. १९९२ ला सुरू झालेला भारत-अमेरिका नौदलांचा मलबार सराव १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर थेट २००२ पर्यंत बंद होता. २००७ ला बंगालच्या उपसागरात पाच देश उतरले, डाव्यांनी विशाखापट्टणमपर्यंत जथे काढले, चीनने डोळे वटारले, आणि ऑस्ट्रेलिया जो मागे सरकला तो मलबारला परतला २०२० मध्ये. त्यामुळे संकटात कोणी धावून येईल असं मी म्हणत नाही. रशियन सामानही भंगारात काढू नका.

पण तळ? २०२२ मध्ये अमेरिकन नौदलाचं 'चार्ल्स ड्रू' चेन्नईजवळ कट्टुपल्लीला आलं ते दुरुस्तीला, आणि बिल त्यांनी भरायचं होतं. पुढच्या वर्षी मुंबईच्या माझगाव डॉकनेही अमेरिकन नौदलाशी जहाजदुरुस्तीचा करार केला. साडूंना मी तेव्हापासून एकच विचारतोय, तळ कुठे आहे ते नकाशावर बोट ठेवून दाखवा. ते म्हणतात, गुप्त आहे.