नावं नीट दे, कोड आपोआप वाचता येईल

लातूर बाजाराच्या सोयाबीनपट्टीचा (विक्रीच्या हिशेबाचा) तुझा पायथॉन प्रोग्राम वाचला. सुरुवात छान झालीय. आता फक्त व्हेरिएबलच्या, म्हणजे किंमत साठवणाऱ्या खणांच्या नावांकडे बघ.

‘एक्स’, ‘टेम्प’ अशी काहीच न सांगणारी नावं काढून टाक. नुसतं ‘भाव’ही पुरत नाही, किलोचा की क्विंटलचा? एकक नावातच घाल: भाव_प्रति_क्विंटल. शब्द अंडरस्कोअरने (_) जोडायची ही पद्धत २००१ च्या ‘पेप ८’ मधली, म्हणजे पायथॉन कोड कसा लिहावा याच्या मार्गदर्शिकेतली.

सगळ्यात घातक चूक रोमन लिपीतल्या मराठीची. ‘हमाली’तला ‘मा’ तू आधी एका ‘ए’ने लिहिलास (hamali), खाली तिची किंमत बदलताना दोन ‘ए’ लावलेस (hamaali). पायथॉन तक्रार करत नाही, गुपचूप दुसरं व्हेरिएबल बनवतो आणि पट्टीतून जुनीच हमाली वजा होते. एकच स्पेलिंग ठरव अन् तेच सगळीकडे ठेव.

क्लासची नावं, फाइलींची मांडणी सध्या राहू दे.