तीन संतोष पाटील, एक थकलेलं कर्ज

प्रश्न : घणसोलीच्या आमच्या सोसायटीत तीन संतोष पाटील आहोत. एक रिक्षा चालवतात, एक शिक्षक आणि तिसरा मी, एपीएमसी मार्केटमध्ये हिशेबनीस. घरकर्जासाठी अर्ज केला, तर माझ्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दुचाकीचं थकलेलं कर्ज निघालं. मी ते घेतलेलंच नाही. बँक म्हणते, आधी ते मिटवा. काय करू?

उत्तर : एक रुपयाही भरू नका. पैसे भरले की खातं तुमचंच असं तुम्ही कबूल केल्यासारखं होतं, आणि तडजोड केलीत तर ‘सेटल्ड’, म्हणजे कर्ज पूर्ण न फेडता मिटवलं, हा शेरा मागे राहतो.

सिबिलसारख्या कंपन्या नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता आणि फोन जुळवून खाती एकत्र करतात. कर्ज देणाऱ्याने पॅनचं एक अक्षर चुकवलं की सारी भिस्त नाव-पत्त्यावर येते. तुमची इमारत एक, पिनकोड एक. फ्लॅट नंबर लिहायचा राहिला तरी घोळ होतो. म्हणून रिक्षावाल्या संतोषरावांकडे बोट दाखवू नका, चूक बहुधा नोंद करणाऱ्याची असते.

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क यांच्याकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा, कारण चूक एकाच ठिकाणी असेल असं नाही. आधी वैयक्तिक माहिती वाचा. तिथे अनोळखी मोबाइल नंबर दिसला, तर दुसऱ्याची नोंद तुमच्यात मिसळल्याचा तो पुरावा. मग तक्रार नोंदवताना ‘हे खातं माझं नाही’ हाच पर्याय निवडा. ‘रक्कम चुकीची’ निवडलंत तर खातं तुमचंच धरून फक्त आकडा तपासला जाईल.

या कंपन्या कर्ज देणाऱ्याच्या होकाराशिवाय नोंद बदलत नाहीत. म्हणून त्याच दिवशी त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र द्या आणि पोच घ्या. कर्जाच्या अर्जावरचा फोटो, सही आणि गाडीचा नोंदणी क्रमांक दाखवा, अशी स्पष्ट मागणी करा. फोटो दुसऱ्याचा निघाला की वाद संपतो. सोबत पॅनची प्रत जोडा. आधार जोडलंत तर पहिले ८ अंक झाका.

तक्रार सोडवायची मुदत ३० दिवसांची. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, शुल्क नाही. दुरुस्ती झाली की बँकेला नवा अहवाल काढायला सांगा. त्यांच्या फाइलमध्ये जुनाच पडून असतो.

प्रश्न : चेक न वटल्याच्या खटल्यात माझ्या नावाने समन्स आलंय. चेक माझा नाही. समन्स परत पाठवू का? (कळवा)

उत्तर : अजिबात नको. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं. समन्सवर खटल्याची ओळख सांगणारा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक असेल, तर तो न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर टाकून पुढची तारीख पाहा. त्या दिवशी वकिलासह हजर राहून चेकची प्रत मागा. चेकवरचा खाते क्रमांक तुमचा नसल्याचं त्या बँकेचं पत्र मिळालं, तर तोच सगळ्यात भक्कम पुरावा.

नामसाधर्म्याचा घोळ फार मोठ्या ठिकाणीही झाला आहे. कारगिल युद्धानंतर ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांना परमवीरचक्र आधी मरणोत्तर जाहीर झालं. ते रुग्णालयात उपचार घेत होते. हुतात्मा झाले होते ते त्याच नावाचे दुसरे जवान.

प्रश्न : मुलाचं नाव आरव ठेवायचंय, पण वर्गात चार आरव असतील, असं सासूबाई म्हणतात. (ठाणे)

उत्तर : आवडलंय ना, मग खुशाल ठेवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं राज्य सरकारच्या कागदपत्रांत नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी लिहायची आहेत. इतक्या लांब नावाचा दुसरा कोणी सहसा सापडत नाही. जन्मनोंदणीनंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं. इंग्रजी स्पेलिंग मात्र आजच कागदावर पक्कं करा. जन्मदाखल्यात एक ‘ए’ आणि आधारवर दोन, असं झालं की दहावीच्या फॉर्मपर्यंत खेटे सुटत नाहीत.