वाचकांचे प्रश्न: जुन्या कॅमेरोला रोल केज बसवताना

प्रश्न: माझी 1969 ची शेव्हरोले कॅमेरो ड्रॅग रेसमध्ये (सरळ पट्ट्यावरील वेगाच्या शर्यतीत) पाव मैलाचे अंतर सध्या 10.80 सेकंदांत कापते. गाडीत रोल बार (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारी, त्याच्या मागची नळीची कमान) आहे. नव्या इंजिनानंतर ही वेळ 10 सेकंदांच्या खाली येईल, असा माझा अंदाज आहे. आता पूर्ण रोल केज (चालकाभोवतीचा नळ्यांचा पिंजरा) बसवावाच लागेल का, तो साध्या पोलादाचा घ्यावा की क्रोमोलीचा (क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या मजबूत पोलादाचा), आणि त्यानंतरही गाडी अधूनमधून रस्त्यावर चालवता येईल का?
– एक वाचक

उत्तर: केज बसवावाच लागेल. अमेरिकेतील ड्रॅग रेसिंगची संघटना असलेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमानुसार 9.99 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ नोंदवणाऱ्या, तसेच ताशी 135 मैल किंवा त्याहून अधिक वेग गाठणाऱ्या गाडीला पूर्ण रोल केज सक्तीचा आहे. आपल्या सध्याच्या वेळेला रोल बार चालतो, तोही गाडीचा तळ व इंजिनामागचा फायरवॉल मूळ स्वरूपात असेल तरच. यांपैकी काही कापून बदलले असेल, तर 10.99 पासूनच केज लागतो. जुन्या गाड्यांच्या मालकांच्या नजरेतून ही अट हमखास सुटते.

साहित्याचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. मुख्य हूपसाठी (चालकाच्या मागच्या कमानीसाठी) पावणेदोन इंच व्यासाची नळी लागते. साध्या पोलादात तिची जाडी किमान 0.118 इंच, तर क्रोमोलीत 0.083 इंच असावी. साध्या पोलादाच्या नळीचे वजन मीटरला सुमारे 3 किलो, तर क्रोमोलीचे सुमारे 2.2 किलो भरते, म्हणजे संपूर्ण केजमध्ये काही किलोंची बचत होते. मात्र क्रोमोलीची जोडणी टिग वेल्डिंगनेच (टंगस्टन इलेक्ट्रोडच्या, सावकाश पण काटेकोर पद्धतीनेच) करावी लागते, तर साध्या पोलादाला मिगही (आपोआप पुढे सरकणाऱ्या तारेची सोपी पद्धतही) चालते. पाव सेकंदासाठी झगडणारी ही गाडी नसेल, तर साधे पोलाद घ्यावे, असे माझे मत आहे. जुना रोल बार नियमाच्या जाडीचा व योग्य उंचीचा असेल, तर त्यालाच केजचे पुढचे पाय (तळापर्यंत उतरणाऱ्या नळ्या) जोडता येतील.

खरी मेहनत असते ती तळाशी. कॅमेरोच्या पुढच्या भागाला बोल्टने जोडलेली सबफ्रेम (इंजिन पेलणारी वेगळी चौकट) आहे, पण चालकाच्या बैठकीपासून मागे स्वतंत्र चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. गंजलेल्या पत्र्यावर उभा केलेला केज गाडी उलटल्यावर तळ फोडून खाली घुसतो. म्हणून आधी गालिचा व डांबराचा थर काढून पत्रा उघडा करावा, सडलेला भाग मूळ आकारातच बदलावा आणि मगच पायांखाली 6 बाय 6 इंचांच्या, 1/8 इंच जाडीच्या पोलादी पट्ट्या द्याव्यात.

दुसरी अडचण छताजवळची. चालकाच्या हेल्मेटच्या वर हूप किमान 3 इंच हवा, त्यामुळे तो छताला जवळजवळ टेकतो आणि वरच्या सांध्यांच्या माथ्यावर वेल्डिंगची टॉर्च पोहोचत नाही. अर्धवट वेल्ड केलेला सांधा बाहेरून पाहताना पुरेसा वाटला तरी तो चालत नाही; प्रत्येक सांधा सर्व बाजूंनी पूर्ण हवा. यावर कारागिरांचा उपाय असा, की पायांच्या जागी तळाला भोके पाडून केज तात्पुरता खाली सरकवायचा, वरचे सांधे पूर्ण करायचे, केज पुन्हा उचलायचा आणि मग पट्ट्या बसवून पाय पक्के करायचे. वेल्ड घासून गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा, कारण नियमाला ते मान्य नाही. काचा मात्र आधी काढून ठेवाव्यात, कारण ठिणग्यांचे डाग काचेवरून जात नाहीत.

दाराजवळील आडवी नळी चालकाच्या खांदा व कोपर यांच्या मधल्या उंचीवरून जावी, तर मागचे आधार हूपच्या माथ्यापासून 5 इंचांच्या आत जोडलेले असावेत.

रस्त्यावर चालवण्याबाबत माझा सल्ला नकारार्थी आहे. हेल्मेट घातलेल्या, सुरक्षा-पट्ट्यांनी (बेल्टनी) बैठकीला घट्ट बांधलेल्या चालकासाठी बनवलेला केज उघड्या डोक्यासाठी स्वतःच धोका ठरतो, कारण साध्या धडकेतही डोके नळीवर आदळू शकते आणि वरचे पॅडिंग तो आघात पुरेसा शोषत नाही. मागच्या बैठकीवर कोणाला बसवण्याचा तर विचारच नको.

रंग व अंतर्गत सजावट करण्यापूर्वी सांधे उघडे असतानाच गाडी तपासनिसाला दाखवावी. 9.99 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ नोंदवणाऱ्या गाडीला चासी प्रमाणपत्र (सांगाडा व केज नियमानुसार असल्याचा दाखला) लागते आणि दर 3 वर्षांनी त्याची फेरतपासणी करावी लागते.