जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या स्ट्रीटला ७ नंबरची एक्सप्रेस का थांबत नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून फ्लशिंगला जाताना या स्टेशनात ७ नंबरची सबवे (शहरातली मेट्रो) पकडणं सोपं आहे का, आणि एवढ्या गर्दीच्या जागी एक्सप्रेस का थांबत नाही. दुसऱ्यावरून माझं आणि माझ्या साडूंचं कित्येक वर्षं वाजतंय, म्हणून आधी तेच सांगतो.

साडू आले तेव्हा संध्याकाळ होती. बॅगा घेऊन आम्ही वरच्या फलाटावर उभे, आणि मधल्या रुळावरून एक्सप्रेस धडधडत निघून गेली. साडू तापलेच. "खाली चार-चार गाड्या, बाहेर बसस्टँड, आणि ही थांबत नाही? कुठल्या गाढवानं बांधलंय?" लोकलमध्ये तेच, जेवताना तेच, पुढे प्रत्येक लग्नकार्यात तेच. ते सिव्हिल इंजिनिअर, त्यामुळे घरात सगळे त्यांच्या बाजूनं माना डोलावतात.

बांधणाऱ्यांना गाढव म्हटलेलं मला आजही खपत नाही. हा मार्ग शहर आणि रेल्वे कंपन्यांमधल्या १९१३ च्या करारातला, स्टेशन सुरू झालं २१ एप्रिल १९१७ ला. तेव्हा खाली काहीच नव्हतं आणि आजूबाजूला बरीचशी मोकळी जमीन होती. बोगद्यापेक्षा लोखंडी पूल स्वस्त, म्हणून गाडी रस्त्याच्या डोक्यावरून नेली. लाँग आयलंड रेलरोडची (उपनगरांकडे जाणारी वेगळी रेल्वे) गाडी याच मार्गावरच्या वुडसाइड स्टेशनला मिळायची, म्हणून एक्सप्रेसचा थांबा तिथे दिला. जमिनीखालचं स्टेशन १९३३ चं, बसस्टँड १९४१ चं. साडू ज्या गर्दीचा दाखला देतात ती आधी नव्हतीच. या गाडीमुळे वस्ती वाढली.

रूळ तीन, फलाट दोन, तेही दोन्ही कडांना. मधली गाडी थांबवायची तर रुळांच्या मध्ये फलाट घालावे लागतील, बाहेरचे रूळ आणखी बाहेर सरकवावे लागतील, आणि तिथे लगेच इमारती आहेत. यावर साडूंचं हुकमी पान म्हणजे जंक्शन बुलेव्हार्ड: ते लोकलचं स्टेशन होतं, १९४९ साली एक्सप्रेसचं केलं. बरोबर आहे. पण वुडसाइडपासून ७४वा स्ट्रीट दुसरंच स्टेशन. तिथेही थांबायचं, मग पुन्हा जंक्शनला थांबायचं, तर ती एक्सप्रेस कसली?

तुमचं काम सोपं आहे. विमानतळावरून येणाऱ्या क्यू७० बसला तिकीट लागत नाही, ती स्टेशनापाशीच सोडते. लिफ्ट आहे. फलाट वेगवेगळे असल्यामुळे वर चढण्याआधीच फ्लशिंगची पाटी बघा. एक्सप्रेसच हवी असेल तर ७४व्या स्ट्रीटला उतरूच नका, त्याच बसनं वुडसाइडला जा. साडूंना मी हेच सुचवलं होतं, पण त्यांना भूक लागली होती आणि ऐकायचं नव्हतं.

एक्सप्रेसचं हे सगळं कामाच्या दिवसांपुरतं. ती सकाळी मॅनहॅटनकडे आणि दुपारनंतर फ्लशिंगकडे धावते. शनिवार-रविवारी दुरुस्तीमुळे गाड्या बऱ्याचदा बदलतात, निघण्याआधी वेळापत्रक पाहून घ्या.